रिंगण आणि कांठावरचीं माणसें



आषाढाच्या वारींत संत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर मागें टाकून सराटीस येते. तेथें नीरेच्या पात्रांत पादुकांस स्नान घातलें जातें, आणि नदी ओलांडून पालखी सोलापूर जिल्ह्यांत, अकलूज येथें प्रवेश करते. तेथील शाळेच्या विस्तीर्ण पटांगणांत मध्यभागीं पालखी विसावते व तिच्याभोंवतीं मोठें वर्तुळ मोकळें राखलेलें असतें. प्रथम पताका घेतलेले वारकरी धांवतात. मागून डोक्यावर तुळस आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया, मग विणेकरी, टाळकरी, मृदंगवाले. आणि सर्वांच्या शेवटीं अश्व. अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठीं एकच झुंबड उडते. या सोहळ्यास गोल रिंगण म्हणतात. शहरांतील घरांत आतां तो पडद्यावर बसल्या जागीं पाहावयास मिळतो.

पडद्यावर जें दिसत नाहीं, तें अश्व निघून गेल्यानंतरचें आहे. छायाचित्रकार आपलें सामान आवरूं लागतात आणि पटांगणांत जागोजागीं लहान लहान वर्तुळें सुरू होतात. कोठें पावली चालते, कोठें फुगडी, कोठें हुतूतू. नऊवारी लुगड्याचा कासोटा मारलेली सत्तरीची आजी नातीच्या वयाच्या मुलीशीं फुगडी घालते. दोघींची ओळख त्या क्षणापूर्वीं नव्हती, आणि संध्याकाळीं दोघी आपापल्या दिंडींत निघून गेल्यावर ती राहीलच असेंही नाहीं. तालीम नाहीं, निवड नाहीं, पोशाख ठरलेला नाहीं. प्रेक्षकांसाठीं वेगळी बैठक नाहीं. जो फार वेळ पाहत उभा राहतो, त्याचा हात कोणी तरी धरतो आणि त्याला आंत ओढतो.

तरीही पटांगणाच्या कांठावर कांहीं माणसें शेवटपर्यंत उभींच राहतात. एक सुखवस्तु गृहिणी आहे. तिला यावेंसें वाटतें, पण ओळखीचें कोणी पाहील अशी भीति वाटते. एक सेवानिवृत्त अधिकारी आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, आणि गुडघ्यांहून प्रतिष्ठा अधिक दुखते. भिंतीला कुबड्या टेकवून बसलेला एक मुलगा आहे. त्याला कोणी बोलावलेलेंच नाहीं. ज्यांच्याबरोबर कोणी तरी सतत असावें लागतें अशीं मुलें आपल्या आयांच्या मागें उभीं आहेत, आणि त्या आया आधींच सगळ्यांची क्षमा मागत असल्यासारख्या दिसतात. सर्वांस सामावून घेणाऱ्या नृत्याच्या व कलेच्या समूहांविषयीं आज जें बोलावयाचें आहे, तें या कांठावरच्या माणसांच्या दृष्टीनें.

रिंगणाचें कौतुक करितांना एक गोष्ट लपवितां येत नाहीं. वारकऱ्यांच्या या वर्तुळानेंही सगळ्यांना सदैव सारखेंच घेतलें असें नाहीं. संत चोखामेळा याच जिल्ह्यांतल्या मंगळवेढ्याचे. चंद्रभागेच्या वाळवंटांत नाचावयास त्यांच्या जातीच्या लोकांना मुभा होती. परंतु मंदिरांत नव्हती. नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधि आहे, तेथपर्यंतच त्यांनीं यावें, असा दंडक शतकानुशतकें चालला. तो मोडण्यासाठीं साने गुरुजींना मे १९४७ मध्यें पंढरपुरांत प्राणांतिक उपोषण करावें लागलें, आणि दहा दिवसांनंतर मंदिराचें दार सर्वांस खुलें झालें. इरावतीबाई कर्वे यांनीं वारींतील आपल्या अनुभवावर लिहिलेला 'वाटचाल' हा लेख ज्यांनीं वाचला असेल, त्यांना आठवेल कीं एकाच दिंडींत भजन एकत्र होई, पण ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची चूल वेगळी असे; आणि ही गोष्ट बाईंच्या मनाला लागून राहिली. नाचतांना हात धरावयाचा आणि जेवतांना सोडावयाचा, हा प्रकार आपल्या समाजाला चांगला सवयीचा आहे. तेव्हां 'आमचें मंडळ सर्वांस खुलें आहे' असें कोणी म्हटलें, तर नाच संपल्यावर चहा कोठें आणि कोणाबरोबर घेतला जातो, हेंही पाहून घ्यावें.

कलेच्या क्षेत्रांत या सवयीविरुद्ध जाणारीं माणसें आपल्याकडे झालीं, आणि त्यांतल्या कांहींनीं त्याची किंमतही मोजली. पठ्ठे बापूराव हे जन्मानें श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, रेठरे हरणाक्षचे. ब्राह्मणाच्या मुलानें तमाशाच्या फडांत जावें, महार समाजांत जन्मलेल्या पवळेबरोबर उभें राहावें, ही गोष्ट त्या काळीं घरदार सुटण्याजोगी होती. आणि घरदार सुटलेंही. १९४५ सालीं त्यांचा अंत झाला तो दारिद्र्यांत. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९४४ सालीं, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनीं लालबावटा कलापथक उभें केलें होतें. अण्णाभाऊ मातंग समाजांतले, शाळेचें तोंड जेमतेम पाहिलेले. अमर शेख बार्शीचे, म्हणजे या जिल्ह्याचेच. राजकारणाच्या दृष्टीनें त्या पथकाविषयीं श्रोत्यांचें मत कांहींही असो. गिरणींतल्या कामगाराला 'तूं प्रेक्षक नाहींस, तूं गाणारा आहेस' असें तेथें पहिल्यानें सांगितलें गेलें, एवढें तरी मान्य करावें लागेल.

राष्ट्र सेवा दलाचें कलापथक हें याहून वेगळ्या वळणाचें, आणि शिकलेल्या घरांना अधिक जवळचें. सुधाताई वर्दे यांच्यासारख्या पांढरपेशा घरांतल्या मुली त्यांत लोकनृत्यें करीत. मुलीनें चारचौघांत पायांत घुंगरू बांधणें म्हणजे कुळाला काळिमा, असें समजणारीं घरें तेव्हां थोडीं नव्हतीं. त्याच सेवा दलाच्या कलापथकांतून पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयांत माळीकाम करणारे निळू फुले पुढें आले, नाभिक कुटुंबांतले राम नगरकर आले, दादा कोंडके आले. पुढें ते रंगभूमीवर व चित्रपटांत गाजले म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु कलापथकांत शिरतांना त्यांतला कोणी नट नव्हता. संध्याकाळीं काम उरकून तालमीला येणारीं तीं माणसें होतीं, आणि तेथें त्यांना घेतलें गेलें तें त्यांच्या येण्यामुळें. हें आज लक्षांत ठेवण्याचें कारण असें कीं, हल्लीं नृत्याच्या वर्गाकडे जाणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो, 'आधीं कांहीं शिकलां आहांत का?'

अकलूजचें नांव शहरांतील श्रोत्यांनीं आणखी एका कारणानें ऐकलें असेल. सहकारमहर्षि शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३ सालीं येथें राज्यस्तरीय लावणीस्पर्धा सुरू झाली आणि पुढें बरींच वर्षें ती भरत राहिली. फडांतल्या आणि संगीतबारींतल्या कलावंत स्त्रियांना तेथें मानाचें व्यासपीठ मिळालें. प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया नवऱ्यामुलांसह समोर बसून लावणी पाहूं लागल्या, ही त्या स्पर्धेची मोठी कामगिरी समजली जाते, आणि ती खरी आहे. पण येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. व्यासपीठ उंच असतें आणि खुर्च्या खालीं असतात. खुर्चींतल्या बाईनें टाळ्या दिल्या. व्यासपीठावरच्या बाईला तिनें आपल्या घरच्या हळदीकुंकवाला बोलाविलें का? विठाबाई नारायणगांवकर १९३५ सालीं पंढरपुरांत जन्मल्या. राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. बाळंतपण उरकून त्याच रात्रीं पुन्हां बोर्डावर उभी राहिलेली बाई म्हणून त्यांची कथा महाराष्ट्रभर कौतुकानें सांगितली जाते, जणूं त्यांत कौतुकाखेरीज दुसरें कांहीं नाहींच. २००२ सालीं त्या गेल्या, तेव्हां त्यांच्या उपचारांच्या खर्चाचीही ददात होती. पाहणें आणि सामील करून घेणें यांत केवढें अंतर असतें, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावयास नको.

आणि हें अंतर केवळ तमाशाच्या बाबतींतच आहे असें नव्हे. श्रावणांतल्या मंगळागौरीकडे पाहा. फुगडी, झिम्मा, पिंगा, काटवट कणा हे खेळ मुळांत घरांतल्या आणि आळींतल्या बायकांनीं रात्र जागवीत खेळावयाचे. हल्लीं शहरांत मंगळागौरीच्या खेळांचीं मंडळें झालीं आहेत. एका रंगाचीं लुगडीं नेसून तीं येतात, दीड-दोन तास उत्तम खेळ करितात आणि बिदागी घेऊन जातात. यजमानीणबाई व त्यांच्या मैत्रिणी खुर्च्या मांडून बसतात आणि चित्रें घेतात. मंडळांतल्या बायकांचें यांत भलें आहे. पन्नाशींत घराबाहेर पडून नाचूं लागलेल्या कित्येक स्त्रिया त्यांत आहेत. पण त्याच घरांतली विधवा सासू किंवा जाऊ कोठें असते? पुष्कळदां स्वयंपाकघरांत, वाटली डाळ वाढीत. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनीं त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. गांवानें ठराव केला. शहरांतल्या सदनिकेला ग्रामसभा नसते. तेथें यजमानीणबाईंनीं उठून स्वयंपाकघरापर्यंत जावें लागेल आणि हात पुढें करावा लागेल.

आतां त्या कुबड्या टेकवून बसलेल्या मुलाकडे वळूं. एकनाथ महाराजांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आहे, पांगळा आहे. तीं सोंगें धडधाकट माणसांनीं घेतलीं आणि लोकांनीं चारशें वर्षें पाहिलीं. सोंगांतला अर्थ आध्यात्मिक आहे हें खरें. पण खऱ्या पांगळ्या माणसानें तें भारुड करावें, असें कोणाच्या सहसा मनांत आलें नाहीं. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम २०१६ सालीं झाला. त्यानें एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद घेतली आणि शिक्षण व नोकरीबरोबरच कला-करमणुकींत भाग घेण्याचा हक्कही मानला. सरकारनें हक्क मानला म्हणजे गल्लींतल्या गणेशमंडळाच्या लेझीमपथकानें मानला असें मात्र होत नाहीं.

लेझीमपथकाचेंच उदाहरण घेऊं, कारण सोलापूर जिल्ह्यांत वाढलेल्या बहुतेक माणसाच्या हातांत शाळेंत एकदां तरी लेझीम आलेली असते. पथकाचा नायक शिट्टी देतो आणि डाव बदलतो. बहिऱ्या मुलाला शिट्टी ऐकूं येत नाहीं, म्हणून त्याला घेतलें जात नाहीं. पण हलगीचा आणि ढोलाचा ठोका केवळ कानानेंच ऐकावयाचा असतो असें नाहीं. तो छातींत जाणवतो. ढोल जवळ घेतला आणि नायकानें शिट्टीबरोबर हात किंवा रंगीत निशाण उंच केलें, तर तो मुलगा इतरांच्या मागें पडत नाहीं. अंध मुलीला दोन सरावलेल्या मुलींच्या मध्यें उभें करावें, आणि डाव बदलण्यापूर्वीं तोंडानें आंकडे मोजावे. आंकडे मोजल्यानें डोळस मुलांचेंही चुकणें कमी होतें, हा वरचा लाभ. ज्याचा एक हात चालत नाहीं, त्याला लेझीम धरतां येणार नाहीं. त्यानें लेझिमीऐवजीं निशाण घ्यावें. चाकाच्या खुर्चीसाठीं जमीन कठीण आणि सपाट लागते, दोन माणसांतलें अंतर थोडें वाढवावें लागतें, आणि बसकीचे डाव असतील तेथें खुर्चीवरच्या मुलानें नुसते हात खालीं आणले तरी ओळ मोडत नाहीं. बुद्धीनें मंद समजल्या गेलेल्या मुलाला दहा डाव शिकवूं नयेत. तीनच शिकवावे, रोज त्याच क्रमानें, आणि शेजारीं रोज तोच सोबती असावा. यांतल्या कशालाही पैसा लागत नाहीं. लागते ती नायकाची तयारी, आणि पारितोषिकावरची नजर काढण्याचें धैर्य. स्पर्धा जवळ आली कीं भल्या मनाचे शिक्षकही 'यंदा राहूं दे, पुढच्या वर्षीं घेऊं' म्हणतात. पुढच्या वर्षींही स्पर्धा असतेच.

बाहेरच्या देशांत याचा विचार अधिक पद्धतशीर झाला आहे. इंग्लंडमध्यें सेलेस्ट डांडेकर नांवाची नर्तकी १९७३ सालीं प्रयोग चालूं असतांना रंगमंचावर पडली आणि मणक्यास इजा होऊन चाकाच्या खुर्चीवर खिळली. तिनें १९९१ सालीं ॲडम बेंजामिन यांच्यासह 'कँडोको' हा नृत्यसंघ काढला; त्यांत अपंग आणि सुदृढ नर्तक एकत्र काम करूं लागले. त्या संघाविषयीं ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं त्यांना दयेचीं परीक्षणें नको होतीं. त्यांचें नृत्य चांगलें कीं वाईट एवढेंच लिहा, असा त्यांचा आग्रह राहिला. आपल्याकडे पुण्यांत हृषीकेश पवार या नर्तकानें २०१० च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांसाठीं नृत्याचा वर्ग सुरू केला. कंपवातांत चालतांना पाऊल मधेंच जमिनीस चिकटल्यासारखें होतें. परंतु बाहेरून ताल मिळाला कीं तेंच पाऊल पुष्कळदां उचललें जातें, असा वैद्यकशास्त्राचाही अनुभव आहे. हा रोग त्यानें बरा होत नाहीं. पण थरथरणाऱ्या हाताची लाज वाटून चारचौघांत जाणें सोडलेला माणूस, जेथें सर्वांचेच हात थरथरतात अशा वर्तुळांत उभा राहतो, ही गोष्ट रोग बरा होण्याइतकी नसली तरी लहानही नाहीं.

ज्यांना सामील व्हावयाचें आहे, पण पाऊल उचलत नाहीं, त्यांना कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पाहण्यासाठीं म्हणून एकदांच जावें. दुसऱ्यांदा पाहावयास गेलें कीं माणूस कायमचा प्रेक्षक होतो. पहिल्याच दिवशीं आपली अडचण चालविणाऱ्यास स्पष्ट सांगावी. गुडघा असो, कान असो, वा घरीं सातच्या आंत परतावें लागणें असो. ती ऐकतांना त्याचा चेहरा कसा होतो, यावरून त्या मंडळाची परीक्षा होते. पोशाख, घुंगरू, रंगांची पेटी यांतलें कांहीं महिनाभर विकत घेऊं नये. वर्ग कितव्या मजल्यावर आहे हें विचारावें. हा प्रश्न क्षुल्लक वाटेल; पण पुष्कळ वर्ग दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहनावांचून भरतात, आणि तेवढ्या एका जिन्यानें जितक्या माणसांना कलेपासून दूर ठेवलें असेल, तितक्यांना जातीभेदानें ठेवलें नसेल असें कधीं कधीं वाटतें. वेळ स्वयंपाकाची असेल तर ती बदलण्याची सूचना स्त्रियांनीं संकोच न धरतां करावी. आणि पहिले चार दिवस पावलें चुकणार, हें गृहीत धरावें. चुकलें म्हणून हंसणारें मंडळ असेल तर तें सोडून द्यावें. चुकलें म्हणून फार गोड बोलणारें मंडळ असेल, तर तेंही फार दिवस धरून राहूं नये.

मंडळ चालविणारांनीं करावयाचें काम याहून अवघड आहे, कारण त्यांना खेळ बदलावा लागतो. येथें आपल्या परंपरेंत असलेली सोय पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. फुगडीचे किती प्रकार आहेत, हें घरांतल्या वृद्ध स्त्रियांना एकदां विचारून पाहावें. दोघींनीं हात गुंफून घालावयाची फुगडी सर्वांना ठाऊक आहे. बसफुगडी उकिडवें बसून घालतात. ती तरुण गुडघ्यांसाठीं, आजीबाईंनीं तिच्या वाटेस जाऊं नये. पण एका हाताची फुगडी आहे. जिचा दुसरा हात चालत नाहीं तिच्यासाठीं ती मुद्दाम शोधावी लागली नाहीं, आधींपासून आहेच. चौघींची फुगडी आहे. तींत दोघी भक्कम असल्या कीं उरलेल्या दोघींचा तोल सांभाळला जातो. आणि जिला मुळींच फिरतां येत नाहीं, तिनें बाजूला बसून पकवा द्यावयाचा. म्हणजे तोंडानें तो फुगडीचा ठेका धरावयाचा. पकवा मंदावला कीं फिरणाऱ्यांचे पायही मंदावतात. अकलूजच्या पटांगणावर अश्व निघून गेल्यानंतर, उन्हें उतरतां उतरतां, चौघींच्या अशा फुगड्या लागतात, आणि पकवा देणाऱ्या म्हाताऱ्या भोंवतीं मातींतच बसलेल्या असतात.